सात कोटी सत्तर लाख चित्रं आणि एक छप्पर

ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराच्या एका दृश्य कलाकृतीचं नावच मुळी ‘७७ मिलियन पेंटिंग्ज’ आहे, म्हणजे सात कोटी सत्तर लाख चित्रं. त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या स्लाइड्स संगणक एकमेकींवर चढवत राहतो आणि त्यातून चित्रं घडत जातात. अशा किती जोडण्या होऊ शकतात, त्याचा हा आकडा. मे २००९ मध्ये, सिडनीच्या ‘व्हिविड’ प्रकाशोत्सवाच्या पहिल्याच वर्षी, ही चित्रं ऑपेरा हाऊसच्या शिडांसारख्या छपरावर सोडली गेली. एकेका चित्राला एक मिनिट द्यायचं ठरवलं आणि रात्रंदिवस डोळ्याला डोळा न लावता पाहत बसलं, तर सगळी पाहून व्हायला १४६ वर्षं लागतील. आजोबांनी २००९ ला सुरुवात करावी आणि २१५५ साली नातवाच्या नातवाने शेवट पाहावा, असा हा हिशेब.

मला मात्र त्या चित्रांपेक्षा ती ज्यावर पडली तो पडदा जास्त थक्क करतो.

लांबून पांढरंशुभ्र दिसणारं हे छप्पर जवळ गेलं की पांढरं राहत नाही. चकचकीत पांढऱ्या टाइल्सचे पट्टे दिसतात आणि त्यांच्या कडेने सायीच्या रंगाच्या, चमक नसलेल्या टाइल्स. एकेक टाइल १२ सेंटिमीटर चौरस, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. स्वीडनमधल्या होगानेसच्या कारखान्यात ती जमून यायला तीन वर्षं गेली. मातीत दगडाची भुकटी मिसळली होती, कारण ऊन पडल्यावर झळाळी तर हवी, पण डोळे दिपायला नकोत. अशा टाइल्स किती? १०,५६,००६. सेकंदाला एक मोजली तरी बारा दिवस आणि बारा रात्री जातील. एका रांगेत मांडल्या तर ती रांग १२६ किलोमीटरची होईल. आणि शेताच्या भाषेत सांगायचं तर दीडशे गुंठे जमीन त्यांनी झाकली जाईल.

आता या दीडशे गुंठ्यांवर पडणाऱ्या उजेडाचा हिशेब करून पाहू. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं. तेवढा उजेड एवढ्या क्षेत्रावर आपल्याला पाडायचा म्हटला, तर घरातले नऊ वॅटचे एलईडी बल्ब लागतील जवळजवळ १७ लाख. रात्री मात्र डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळा अंधाराला सरावतो, आणि चांगल्या उजेडाच्या रस्त्यावर असतात तसे दहाएक लक्स पडले तरी चित्र उठून दिसतं. तेवढ्यासाठी, थेंबभरही उजेड वाया गेला नाही असं धरलं तर, १७० बल्बांचा प्रकाश पुरतो! प्रत्यक्षात खाडीपलीकडच्या प्रोजेक्टरांना याहून बराच जास्त लागतो, पण सूर्याच्या तुलनेत तो चिमूटभरच. सतरा लाखांचं काम पावणेदोनशेंवर येतं, ते निव्वळ आपल्या डोळ्यांमुळे. २०२३ मध्ये व्हिविडला ३२ लाखांवर माणसं आली, ती या चिमूटभर उजेडासाठी.

या छपराचं वजन आहे सुमारे २७ हजार टन. ते मुळात इतकं जड कल्पिलेलंच नव्हतं, आणि मला सांगायचं आहे ते इथेच. १९५७ साली या इमारतीसाठीच्या स्पर्धेतल्या २३३ प्रवेशिकांमधून यॉर्न उत्सॉन या ३८ वर्षांच्या डॅनिश वास्तुविशारदाचं चित्र निवडलं गेलं. त्यातली छपराची कवचं पातळ होती, बसकी होती, हाताच्या ओघात आलेली होती. कुठल्याही भूमितीत न बसणारे ते वक्र बांधायचे कसे, यावर अभियंते वर्षानुवर्षं झगडले. १९६१ मध्ये उत्तर सापडलं. सगळी कवचं ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची, म्हणजे त्याच त्या साच्यांतून भाग ओतता येतील. तसे २,१९४ काँक्रीटचे भाग ओतले गेले आणि ३५० किलोमीटर पोलादी केबलने ताणून बांधले गेले. या तोडग्याला मी मनापासून दाद देतो. पण चित्रातला तो सैल, वाऱ्यावरचा वक्र मात्र त्यात गेला. कवचं ताठ उभी राहिली.

चार वर्षांचं आणि ७० लाख डॉलरचं म्हणून सुरू झालेलं काम चौदा वर्षं चाललं, खर्च १० कोटी २० लाखांवर गेला. उत्सॉनने १९६६ मध्येच वाद होऊन काम सोडलं होतं. तो सिडनीला परत कधी गेला नाही. पूर्ण झालेली इमारत त्याने प्रत्यक्ष पाहिली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये तो वारला. शिडांवर ईनोची चित्रं पडली ती त्यानंतर सहा महिन्यांनी.

२०१२ साली व्हिविडमध्ये ‘अर्बनस्क्रीन’ या जर्मन कलाकारांच्या गटाची पाळी आली. त्यांनी छपरावर सावल्या आणि घड्या टाकल्या, कवचांच्या नेमक्या मापाने. खाडीपलीकडे उभ्या असलेल्या लोकांना दिसलं ते असं: शिडात वारा भरला, कापड फुगलं, कडेपासून थरथरत गेलं आणि पुन्हा सैल पडलं. २७ हजार टन, एकही टाइल न हलवता.