ठळक व अरुंद अक्षरें आणि नागरी लिपि

पुस्तकांतील अक्षर हातभर अंतरावरून वाचावयाचें असतें; भिंतीवरील जाहिरातीचें अक्षर रस्त्यानें जाणाऱ्यास थांबविण्याकरितां असतें. दोहोंचें काम निराळें, म्हणून घडणहि निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत व्यापार वाढला, तसें पुस्तकी वळणाचें नाजूक अक्षर भिंतीवर फिकें पडूं लागलें. तेव्हां लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनीं टोकांना जाड चौकोनी पट्ट्या असलेलीं रोमन अक्षरें ओतून विक्रीस काढलीं. १८४५ मध्यें रॉबर्ट बेस्ली यांच्या ओतशाळेंतून ‘क्लॅरेंडन’ नांवाचें ठळक अक्षर निघालें. अमेरिकेंत डेरियस वेल्स यांनीं १८२८ मध्यें लांकडी खिळ्यांचें नमुनापुस्तक काढलें. शिशाहून हलक्या अशा या खिळ्यांमुळें हातभर उंचीचीं अक्षरेंहि छापतां येऊं लागलीं.

कागदाची रुंदी ठरलेली असते. तेवढ्यांत अक्षर मोठें दिसावयाचें तर तें उंच हवें, आणि ओळींत मावावयाचें तर अंगानें अरुंद हवें. अशा अक्षरांस माथ्याच्या व पायाच्या पट्ट्या एका ओळींत बांधून ठेवतात.

मराठी मुद्रणांत जावजी दादाजी यांनीं मुंबईस १८६४ मध्यें ओतशाळा व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव कामानें तेथील नागरी अक्षर सुबक झालें. परंतु रोमन पट्टीची युक्ति नागरींत जशीच्या तशी चालत नाहीं. नागरीची पट्टी म्हणजे शिरोरेषा, आणि ती माथ्यावरच असते. तिच्याहि वर वेलांट्या, मात्रा व अनुस्वार, खालीं उकार. रोमन कॅपिटल अक्षरांची ओळ एकमजली, तर नागरीची तिमजली.

हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्यांचीं नांवें घेऊन याची परीक्षा सहज करतां येईल. ‘वसमत’ या नांवाचा माथा व पाय दोन्ही मोकळे. अक्षरांच्या पोटांतील पोकळी राखली, कीं जाडी वाढली तरी चिंता नाहीं. ‘कळमनुरी’स खालीं उकार व वर वेलांटी, म्हणून ओळीची उंची दोहों बाजूंस वांटावी लागते. ‘हिंगोली’च्या माथ्यावर दोन वेलांट्या, एक मात्रा व अनुस्वार, अक्षरें अरुंद करावीं तों ही मंडळी एकमेकांस ढकलूं लागतात. खरी कसोटी ‘औंढा’ या नांवाची. एकाच कान्यावर दोन मात्रा आणि अनुस्वार! तिन्हींची जाडी एकत्र मिसळली, कीं दुरून ‘औंढा’चा ‘ओढा’ होतो. नागनाथाच्या दर्शनास प्रथमच येणाऱ्या यात्रेकरूस फलक हाच वाटाड्या. त्याची वाचाच बसली, तर त्या ठळकपणाचा उपयोग काय?

यावर उपाय आहे. उभे दंड जाड ठेवावे, शिरोरेषा व मात्रा त्यांहून किंचित् बारीक कराव्या, आणि दोन मात्रांमध्यें प्रकाश राहूं द्यावा. संगणकावरील नव्या नागरी वळणांतहि हाच विचार दिसतो. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘खंड’ या आटोपशीर वळणांत पोकळ्या मोकळ्या ठेवल्या आहेत. एक टाइप या संस्थेचें ‘मोदक’ अत्यंत गुबगुबीत, तरी आंतील बारीक फट अक्षर ओळखूं देते.

तेव्हां फलक रंगविणाऱ्यास किंवा छापखान्यास काम सांगणाऱ्यानें ‘वसमत’ लिहून नमुना पसंत करूं नये. मजकुरांतील सर्वांत भारी माथ्याचें नांव आधीं लिहवून घ्यावें, तें रस्त्याच्या पलीकडून वाचावें, आणि मगच होकार द्यावा.