डोळ्यांत तेल घालून

शनिवारी तेल विकत आणू नये, हा दंडक पुष्कळ घरांत अजून पाळतात. त्या तेलाचे धनी शनिमहाराज, आणि त्यांचे ठाणे नेवासे तालुक्यातले शिंगणापूर. घरांना दारे न लावण्याच्या रिवाजामुळे हे गाव सर्वतोमुखी झाले. देवावरही छप्पर नाही. चौथऱ्यावर उघडी काळी शिळा आणि तिच्यावर भक्तांची तेलाची धार.

भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, म्हणून १ मार्च २०२५पासून शुद्ध, नामांकित छापाचेच खाद्यतेल वाहावे, असा नियम देवस्थानाने केला. मला वाटले, ज्या गावाला चोराचे भय नाही, त्यालाही भेसळीचे भय वाटावे ना! आणि पाषाणाला जे सोसत नाही, ते आपल्या पोटाला कसे सोसावे?

'तेल' हा शब्द मुळात तिळाचा. तिळाचे ते तैल. शेंगदाणा हा दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. पण त्याच्या अंगी जवळजवळ निम्मे तेल, म्हणून पाहुणा घरचाच झाला. लसणीच्या चटणीवर कच्चे तेल, पिठल्याची फोडणी, भरल्या वांग्यांवरचा तवंग, यांना घाण्याच्या तेलाचा खमंगपणाच हवा. चकल्या-शेव तळायला मात्र रिफाइंड तेल सोयीचे. ते अधिक तापले तरी लवकर धुरत नाही.

घाण्याचे म्हणजे निर्दोषच, असे मात्र समजू नये. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले. शोधाअंती दोष निघाला त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीचा. दमट दाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे ते विष, अफ्लाटॉक्सिन. माणसाच्या यकृतालाही ते घातक. रिफायनरीतल्या शुद्धीकरणात ते बहुतेक निघून जाते. घाण्याच्या तेलात थोडे उतरू शकते.

तेव्हा गृहिणींनो, घाण्यावर दाणे द्याल तर कुबट, काळवंडलेले, सुरकुतलेले आधी निवडून टाका. तयार तेल घ्याल तर सुटे नको, मोहोरबंद घ्या. आणि फराळाचे उरलेले तेल काळे, चिकट झाले असेल तर पुन्हा कढईत घालण्याचा मोह आवरा. ती काटकसर महागात पडते.

शिंगणापूरच्या घरांना दारे नसली तरी चालत आले. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र डोळ्यांत तेल घालूनच उभे राहिले पाहिजे.