लुचेरा : इटलीच्या टेकडीवरची हरवलेली अजान

इटली म्हटले की आपल्याला रोम आणि व्हेनिस आठवते. पण याच देशात, पोपच्या सत्तेपासून काही दिवसांच्या वाटेवर, एकेकाळी पाचही वेळची अजान होणारे शहर होते, हे किती जणांना ठाऊक असेल? त्या शहराचे नाव लुचेरा.

दक्षिण इटलीच्या पुल्या प्रांतात, फोज्जा शहराजवळ, गव्हाच्या अफाट मैदानाच्या कडेला सुमारे अडीचशे मीटर उंचीच्या टेकडीवर हे गाव वसले आहे. गाव फार जुने. इ.स.पूर्व ३१४ मध्ये रोमनांनी येथे वसाहत केली. सम्राट ऑगस्टसच्या काळातले त्यांचे लंबगोल प्रेक्षागृह आजही पाहायला मिळते.

मुसलमान येथे कसे पोहोचले? त्यासाठी सिसिली बेटाकडे जावे लागेल. इ.स. ८२७ मध्ये काझी असद इब्न अल्-फुरात यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम फौज सिसिलीत उतरली. पुढे दोनशेहून अधिक वर्षे तेथे मुस्लिम सत्ता होती. १०९१ पर्यंत नॉर्मन सरदारांनी सगळे बेट जिंकले. आरंभी नव्या राजांनी मुस्लिम विद्वान आणि कारागिरांना दरबारी ठेवले. भूगोलतज्ज्ञ अल्-इद्रिसी यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ राजा रॉजर दुसरा याच्यासाठीच लिहिला. पण हळूहळू जमिनी गेल्या, जुलूम वाढला आणि लोक डोंगरात जाऊन बंड करू लागले.

सम्राट फ्रेडरिक दुसरा याने हे बंड मोडले आणि १२२४ च्या सुमारास सिसिलीच्या मुसलमानांना समुद्रापार लुचेरात नेऊन बसवायला सुरुवात केली. घरदार, शेतीवाडी, पूर्वजांच्या कबरी, सगळे मागे राहिले. इतिहासकारांच्या अंदाजाने लुचेरातली मुस्लिम वस्ती पंधरा ते वीस हजारांवर गेली.

शिक्षा म्हणून आणलेल्या या लोकांनी तेथे संसार उभा केला. त्यांनी गहू-जव पिकवले, शस्त्रे आणि मातीची भांडी घडवली. त्यांचे तिरंदाज सम्राटाच्या फौजेचा कणा ठरले; १२३७ च्या कोर्तेनुओवाच्या लढाईत ते लढले. शहरात मशीद होती, काझी होते, न्यायनिवाडा शरीअतप्रमाणे होई. त्याबद्दल त्यांना कर द्यावा लागे आणि त्या कराचे नाव होते जिझिया! ख्रिस्ती राजा मुसलमानांकडून जिझिया घेत होता.

१२६१ मध्ये मिसरचे सुलतान बैबर्स यांनी इतिहासकार इब्न वासिल यांना फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड याच्याकडे वकील म्हणून पाठवले. लुचेराचे सगळे रहिवासी मुसलमान असून तेथे जुम्याची नमाज उघडपणे होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मॅनफ्रेडच्या छावणीतही अजान होत असे.

पण हे सारे एका घराण्याच्या मर्जीवर उभे होते. १२६६ मध्ये मॅनफ्रेड लढाईत मारला गेला आणि राज्य फ्रान्सच्या आंजू घराण्याकडे गेले. लुचेराने बंड केले. वेढा पडला आणि १२६९ मध्ये उपासमारीने शहर शरण आले. विजेत्या चार्ल्सने टेकडीवर सुमारे नऊशे मीटर घेराची तटबंदी बांधली. ती आजही उभी आहे. तरीही वस्ती आणखी तीस वर्षे टिकली.

ऑगस्ट १३०० मध्ये चार्ल्स दुसरा याच्या हुकमाने शहर ताब्यात घेण्यात आले. कारण धर्माचे सांगितले गेले. पण राजा कर्जात बुडालेला होता, हेही खरे. धान्य, गुरे, घरे जप्त झाली. हजारो माणसे, बायका-मुलांसह, गुलाम म्हणून विकली गेली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच राज्यासाठी रक्त सांडले, त्यांचा बाजारात भाव ठरला. शहराचे नाव बदलून ‘सांता मारियाचे शहर’ ठेवले गेले.

पुढे त्या जागी मोठे चर्च उभे राहिले. ते मशिदीच्या जागेवर बांधले, असे मानले जाते. आजही दर ऑगस्टच्या मध्याला लुचेरा आपल्या सांता मारियाचा उत्सव करते. मध्ययुगीन पोशाखातली मिरवणूक निघते, ढोल वाजतात. गावच्या लोकांसाठी तो आनंदाचा सण आहे. पण तोच महिना एका संपूर्ण वस्तीच्या अंताचाही आहे.

मात्र लुचेरा आपला भूतकाळ पुसून टाकत नाही. ‘सारासेनांचे लुचेरा’ हे तिचे जुने नाव तेथे आवर्जून सांगितले जाते. अरबी वळणाची झिलईदार भांडी संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

पाऊणशे वर्षे म्हणजे तीन पिढ्या. तेवढ्या काळात या लोकांनी परक्या भूमीत शेती रुजवली, मुले वाढवली, नमाज सोडली नाही. त्यांची कमतरता एकच होती: त्यांचे हक्क कायद्याने नव्हे, राजाच्या गरजेने मिळालेले होते. गरज संपली, हक्कही संपले. मुलांना इतिहास सांगताना बगदाद आणि कुर्तुबाबरोबर या छोट्या टेकडीचेही नाव घ्यावे. मोठ्या विजयांइतकेच अशा हरवलेल्या वस्त्याही आपल्याला शिकवून जातात.