मॅक्रो आणि मराठी मजकूर : दोष कुठे शोधावा?

शोधनिबंध, प्रबंध किंवा वार्षिकांक छपाईसाठी तयार करताना काही कामे शेकडो वेळा करावी लागतात. शीर्षकांचा आकार एकसारखा करायचा, जास्तीच्या मोकळ्या जागा काढायच्या, विरामचिन्हे नीट करायची. वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये अशा कामांची आज्ञामालिका एकदा तयार करून ठेवता येते. तिलाच मॅक्रो म्हणतात. इंग्रजी मजकुरावर बिनबोभाट चालणारा मॅक्रो मराठी मजकुरावर मात्र पुष्कळदा बिघडतो. तो मध्येच थांबला तर निदान कळते तरी. न थांबता, कोणतीही सूचना न देता शब्द बदलून गेला, तर ती चूक छापील पानापर्यंत पोचते.

या बिघाडांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. आपण अक्षर पाहतो, मॅक्रो मात्र त्या अक्षरामागचा क्रमांक पाहतो. म्हणून पहिली तपासणी मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही याची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचाच असतो. त्याचा केवळ फॉन्ट बदलला तर पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. असा मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, मगच मॅक्रो चालवावा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे, ‘मॅक्रो चालला, पण मराठी अक्षरांचा आकार बदलला नाही.’ वर्ड देवनागरीला जटिल लिप्यांच्या गटात धरते आणि त्या गटासाठी फॉन्टचे नाव, आकार व ठळकपणा यांच्या वेगळ्या नोंदी ठेवते. मॅक्रोच्या भाषेत ‘साइज’ ही नोंद रोमन अक्षरांची आणि ‘साइजबाय’ ही जटिल लिप्यांची. ‘नेम’ आणि ‘नेमबाय’, ‘बोल्ड’ आणि ‘बोल्डबाय’ अशाच जोड्या आहेत. लिबरऑफिसमध्ये अशा नोंदींच्या नावाशेवटी ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द येतो. निबंधात मराठी व इंग्रजी दोन्ही असतील तर दोन्ही नोंदी बदलणाऱ्या ओळी मॅक्रोत हव्यात.

सर्वांत जपावे लागते ते ‘ऱ्या’ला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर कोणत्याही समारंभाच्या वृत्तांतात महत्त्वाचा! हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात र (२३५२), हलन्त चिन्ह (२३८१) आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह (८२०५) असते. दुसऱ्या प्रकारात ऱ (२३५३) आणि हलन्त चिन्ह एवढेच असते. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असा सफाईचा मॅक्रो पहिल्या प्रकारच्या मजकुरावर चालवला की जोडचिन्ह जाते, रफार उमटतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासनीसही अडवत नाही, कारण ‘दर्या’ हा शब्दही शुद्धच आहे. म्हणून सफाईच्या आधी पहिल्या प्रकारची तीन चिन्हे दुसऱ्या प्रकारच्या दोन चिन्हांत बदलून घ्यावीत. इंदूर, बेळगाव, पणजी अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले लेख एका अंकात घेताना ही पायरी वगळू नये. प्रत्येकाची टंकनपद्धती वेगळी असू शकते.

विसर्गाचेही तसेच. ‘दुःख’मधला विसर्ग २३०७ या क्रमांकाचा असतो, पण पुष्कळजण त्याजागी अपूर्णविराम टंकतात. मग ‘अपूर्णविरामानंतर जागा सोडा’ हा मॅक्रो ‘दु’ आणि ‘ख’ यांची फारकत करतो. दोन देवनागरी अक्षरांमध्ये जागा न सोडता आलेला अपूर्णविराम आधी शोधावा आणि एकेक पाहून विसर्गात बदलावा. ‘ॲ’देखील दोन प्रकारे लिहिला जातो : २४१८ हे एकच चिन्ह, किंवा अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हे. शोधून बदलण्याच्या मॅक्रोत दोन्ही रूपे द्यावीत.

मॅक्रो लिहिताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. वर्डच्या मॅक्रो-संपादकात देवनागरी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात, म्हणून तिथे अक्षर न लिहिता ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनला त्याचा क्रमांक द्यावा. एखाद्या अक्षराचा क्रमांक हवा असेल तर ‘एएससीडब्ल्यू’ तो सांगते. ‘चूक आली तरी पुढे जा’ अशी आज्ञा मॅक्रोत असेल तर तपासणीपुरती ती काढावी आणि एफ-८ ही कळ दाबत एकेक ओळ चालवावी. ज्या ओळीवर मजकूर बिघडतो, ती लगेच सापडते. तिसरी गोष्ट तळटीपांची. केवळ मुख्य मजकुरावर चालणारा मॅक्रो तळटीपा, शीर्षपट्टी आणि मजकूरचौकटी यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा लागते.

विद्यार्थ्यांनी एक चाचणीपान कायम जवळ ठेवावे. त्यावर दर्या व दऱ्या, आचार्यांना व आचाऱ्यांना (‘ऱ्य’ दोन्ही प्रकारे टंकलेला), दुःख, अंतःकरण, ॲ असलेला एखादा शब्द, एक इंग्रजी ओळ आणि एक तळटीप असावी. नवा मॅक्रो आधी या पानावर चालवावा, छापून वाचावा, आणि नंतरच प्रबंधाच्या प्रतीवर चालवावा. मूळ फाइल मात्र वेगळी, जशीच्या तशी राखावी.