आकाशातील दोन सारथी

रस्त्याने जाणाऱ्या मोटारीच्या चालकाला एकाएकी अस्वस्थ वाटू लागले, तर तो मोटार कडेला घेऊन थांबवू शकतो. गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल ओळखीच्या वाटेने गाडी घरी आणतात. परंतु दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान वाटेत उभे करता येत नाही. ते वेगाने पुढे जात राहिले, तरच हवेत टिकते. अशा विमानाचा वैमानिकच अकस्मात आजारी पडला, तर आतील शेकडो प्रवाशांचे काय होईल?

या प्रश्नाचे पहिले उत्तर विमानाच्या रचनेतच आहे. मोठ्या प्रवासी विमानाच्या पुढील कक्षात दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात. डावीकडे कप्तान आणि उजवीकडे सहवैमानिक. विमान वळवण्याची व वर-खाली नेण्याची साधने दोघांच्याही पुढे असतात. सहवैमानिक हा कप्तानाचा केवळ मदतनीस नव्हे. प्रसंग पडल्यास विमान सुखरूप उतरवण्याचे शिक्षण त्यालाही मिळालेले असते.

मग दोन वैमानिक असले, म्हणजे भीतीचे कारणच उरले नाही काय? तसे मात्र नाही. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ट्रायडेंट जातीचे एक विमान ब्रसेल्सला जाण्यास निघाले. कप्तानाचे हृदय रोगाने जर्जर झाले होते. पण त्याची कोणाला कल्पना नव्हती. विमान नुकतेच उडालेले असते, तेव्हा त्याचा वेग कमी असतो. म्हणून त्या विमानात पंखांची पुढची कड खाली झुकवून पंखांना हवेचा अधिक आधार मिळवून देत, आणि पुरेसा वेग आल्यावरच ती पूर्ववत करीत. त्या दिवशी वेग वाढण्यापूर्वीच ती कड वर घेण्यात आली. पंखांचा आधार सुटला आणि तीन मिनिटांच्या आत विमान स्टेन्स गावाजवळ कोसळले. आतील ११८ माणसांपैकी एकही वाचले नाही. कक्षात इतर वैमानिक असूनही हा अनर्थ टळला नाही!

हृदयाच्या व्यथेमुळे कप्तानाचे चित्त विचलित होऊन त्याचा निर्णय चुकला असावा, असे पुढे चौकशीत अनुमान निघाले. कक्षातील संभाषण टिपून ठेवणारे यंत्र त्या विमानात नव्हते; त्यामुळे अखेरच्या क्षणी तेथे काय बोलणे झाले, ते कळू शकले नाही. या अपघातानंतर ब्रिटनच्या मोठ्या प्रवासी विमानांत असे यंत्र सक्तीचे करण्यात आले.

या घटनेने एक मोठा धडा दिला. बेशुद्ध पडलेला माणूस कोणालाही ओळखू येतो. परंतु डोळे उघडे ठेवून बसलेल्या माणसाचे भान हरपत चालले असेल, तर ते शेजाऱ्यालाही चटकन उमगत नाही. म्हणून आता वैमानिकांना एक साधा नियम शिकवतात. सहकाऱ्याला काही विचारले आणि त्याने दोनदा योग्य उत्तर दिले नाही, तर तो आजारी आहे असे समजावे आणि विमान आपल्या हाती घ्यावे. येथे वयाचा किंवा अधिकाराचा संकोच धरायचा नसतो. त्यानंतर सेवकवर्ग आजारी वैमानिकाला साधनांपासून मागे ओढून पट्ट्याने आसनाशी बांधतो. जमिनीवरील नियंत्रकांना संदेश जातो आणि त्या विमानाला उतरण्यासाठी सर्वांच्या आधी वाट मोकळी करून दिली जाते.

संकट येऊच नये, म्हणूनही दक्षता घेतली जाते. वैमानिकांची वैद्यकीय तपासणी निदान वर्षातून एकदा होते. साठीनंतर ती दर सहा महिन्यांनी होते. अनेक कंपन्यांत दोन्ही वैमानिकांना वेगवेगळे जेवण देतात. कारण एखादा पदार्थ बाधला, तर दोघेही एकाच वेळी आजारी पडू नयेत.

या शिकवणुकीचे फळ कसे मिळते, ते पाहा. १८ जून २००९ रोजी, म्हणजे त्या अपघाताला बरोबर ३७ वर्षे झाली त्या दिवशी, एक विमान २४७ प्रवासी घेऊन ब्रसेल्सहून अमेरिकेतील न्यूअर्कला चालले होते. अटलांटिक महासागरावरून जात असताना साठ वर्षांच्या कप्तानाचे अकस्मात निधन झाले. प्रवाशांमधील डॉक्टरांचे प्रयत्न निष्फळ ठरले. तथापि लांबच्या प्रवासामुळे विमानात तिसरा वैमानिकही होता. तो रिकाम्या आसनावर बसला आणि दोघांनी मिळून विमान न्यूअर्कला अलगद उतरवले. आपल्या प्रवासात काय घडून गेले, हे बहुतेक प्रवाशांना उतरल्यावरच कळले.

तपासणी कितीही कसून केली, तरी प्रत्येक आजार आधी कळतोच असे नाही. म्हणूनच शेजारच्या आसनावर दुसरा सारथी सदैव जागा असावा लागतो. पण पहिल्या सारथ्याचेही एक कर्तव्य आहे. “आज माझी प्रकृती बरी नाही, मी विमान नेणार नाही,” असे वेळीच सांगण्यात कमीपणा नाही. ज्याच्या हाती शेकडो जीव सोपवलेले असतात, त्याचा तो प्रामाणिकपणाच त्यांचे पहिले रक्षण करतो.