विद्रूप मुखांचें आकर्षण

टोकावड्याच्या बाजूस पाऊस कसा कोसळतो, हें माळशेज घाटानें गेलेल्यांस सांगावयास नको. तें पाणी भिंतींत मुरूं न देणें ही तेथें घर बांधणाऱ्याची पहिली चिंता. युरोपांतील पाथरवटांसहि हीच चिंता होती. म्हणून त्यांनीं उंच चर्चच्या छपरांना दगडी पन्हळी काढल्या आणि पाणी दूर फेंकणाऱ्या त्या तोंडांस राक्षसी पशूंचीं रूपें दिलीं. १८७८ सालीं बांधावयास घेतलेल्या बोरीबंदरच्या स्थानकावर, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, असे प्राणी भिंतींतून माना काढून बसलेले दिसतात.

आपणांस ही मंडळी परकी नाहींत. टोकावड्याहून मुरबाडमार्गें कल्याणास आलें, कीं अंबरनाथचें शिवालय जवळच आहे. तेथें शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मम्मुणि याच्या काळचा शिलालेख आहे. त्याच्या भिंतींवर देवदेवतांच्या जोडीस कीर्तिमुखेंहि आहेत: बटबटीत डोळे, शिंगें, सुळे, आणि बहुधा खालचा जबडाच नाहीं!

याची पुराणकथा मोठी विलक्षण आहे. जालंधरानें राहूस शिवाकडे धाडलें व पार्वतीची मागणी केली. शिवाच्या क्रोधांतून एक भुकेला पुरुष प्रकटला. राहू शरण आला. त्यास अभय मिळालें. मग भुकेल्यानें खावें काय? स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्यानें हातपाय, धड, सारें खाल्लें. मुख तेवढें उरलें. शिवानें प्रसन्न होऊन त्यास आपल्या द्वारीं कायमचें स्थान दिलें.

सुंदर बाळास आपण गालबोट लावतों, तसेंच हें देवळाचें गालबोट, असें म्हणतां येईल. पण मला तें पुरेसें वाटत नाहीं. देवमूर्ति घडवितांना शिल्पकार ताल-मानाच्या नियमांनीं बांधलेला असतो. विद्रूप मुखाच्या ठायीं त्याचा हात जरा सुटतो. म्हणूनच देवांपुढें हात जोडणारें मूल या मुखापुढें मात्र खुदकन् हंसतें.

दुःख इतकेंच, कीं नऊशेंहून अधिक पावसाळे या काळ्या पाषाणावरून गेले आहेत. अशा कोरीव कामांत जें पुढें आलेलें असतें तेंच आधीं झिजतें. म्हणजे नाक आणि सुळे. जी गंमत शिल्पकारानें उठावांत भरली, तीच प्रथम पुसली जाते.

पहावयास जाल तर ऊन तिरकें असतांना जा. भर दुपारीं हीं मुखें सपाट दिसतात.