अंगावरील गाठी व सूक्ष्मदर्शक यंत्र

सन २०२२ साली लंपी रोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येक शेतकरी सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन जनावरांच्या अंगावरून हात फिरवीत असे. बोटास कोठे गाठ लागली की त्याच पावली पशुवैद्याकडे धाव घेतली जाई. परंतु स्वतःच्या पाठीवर, कमरेवर अथवा तळपायावर वर्षानुवर्षे वाढत असलेल्या गाठीकडे पाहण्यास याच शेतकऱ्यास फुरसत होत नाही. बैलाच्या कातडीची जितकी काळजी आपण वाहतो, तितकी स्वतःच्या कातडीचीही वाहावी, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आम्ही वैद्य नव्हे. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनीत, सातबारा, फेरफार व हद्दीच्या तक्रारी यांची दप्तरे सांभाळण्यात गेली. निवृत्तीच्या वर्षी आमच्या पाठीवर तुरीच्या दाण्याएवढा एक मस उगवला आणि सहा महिन्यांत वालाच्या दाण्याएवढा झाला. रंग काळपट तपकिरी, पृष्ठभाग खरबरीत, जणू कोणी मेणाचा थेंब चिकटविला आहे. कोणी चुना व सोडा लावण्यास सांगितले, तर कोणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्यास. आम्ही मनातून फार भ्यालो होतो. त्याचे कारण पुढे येईलच. शेवटी शहरातील एका डॉक्टरांनी जागा बधिर करून तो मस काढला व तपासणीस पाठविला. निकाल येईपर्यंतचे आठ दिवस आम्हांस धड झोप आली नाही. निकाल 'सौम्य वाढ' असा आला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी कृपाळूपणे आम्हांस सूक्ष्मदर्शक यंत्रास डोळा लावू दिला. तेथे जे पाहिले आणि पुढे विचारून व वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपली कातडी ही दोन थरांची जमीन आहे असे समजावे. वरचा पातळ थर तो बाह्यत्वचा व खालचा जाड थर तो अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींची एक ओळ असते. तेथे नव्या पेशी जन्म पावतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी शिंगासारख्या टणक पापुद्र्याच्या रूपाने झडून जातात. या प्रवासास सुमारे महिना-दीड महिना लागतो. दोन्ही थरांच्या मध्ये एक अतिशय तलम पडदा असतो. त्यास आधारपटल म्हणतात. आम्ही त्यास बांध म्हणू. रक्तवाहिन्या व लसवाहिन्या या बांधाच्या खालीच असतात. यास्तव वरच्या थरातील जी वाढ बांध फोडून खाली उतरते, तिला साऱ्या शरीरात जाण्याचा रस्ता सापडतो. हा बांध वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील बहुतेक विवेचन त्याच्याभोवतीच आहे.

काढलेला तुकडा प्रथम दहा टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातील पाणी अल्कोहोलने काढून टाकून त्यात वितळलेले पॅराफिन मेण मुरवितात. मेणाचा ठोकळा तयार झाला की यंत्राच्या धारदार पात्याने त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप उभा घेतात, म्हणून विहीर खणताना काळी माती, मुरूम व खडक जसे एकाखाली एक दिसतात, तसे कातडीचे थर त्यात दिसतात. मूळचा काप जवळजवळ बिनरंगी असतो, सबब त्यास दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणारा रंग असून त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात; इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. आता नेहमी आढळणाऱ्या वाढींकडे वळू.

चामखीळ सर्वांच्या परिचयाची आहे. ती पॅपिलोमा नावाच्या विषाणूंमुळे होते. यंत्राखाली तिची टोकेदार शिखरे दिसतात व शिखरांवर शिंगासारख्या पदार्थाचे जाड थर रचलेले असतात. वरच्या काही पेशींत केंद्रकाभोवती रिकामे पांढरे कडे दिसते, ती विषाणूची खूण होय. तळाकडील कडेची टोके आत मध्याकडे वळलेली असतात. गुरांनाही याच जातीच्या परंतु निराळ्या विषाणूंमुळे चामखिळी होतात. माणसाच्या काय किंवा वासराच्या काय, पुष्कळशा चामखिळी कालांतराने आपोआप जातात. मंत्राने किंवा दोऱ्याने चामखीळ गेली असे जे आपण ऐकतो, त्याचे इंगित हेच आहे. जाणारीच ती होती. श्रेय मात्र दोऱ्यास मिळाले.

मानेवर व काखेत जे मऊ लोंबते मस येतात, त्यांचे स्वरूप अगदी साधे असते. आत सैल तंतू व बारीक रक्तवाहिन्या, आणि वर बाह्यत्वचेचे पातळ आवरण. लठ्ठ व मधुमेही माणसांत ते अधिक आढळतात, म्हणून असे मस पुष्कळ असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.

उतारवयात पाठीवर, छातीवर व तोंडावर येणारा, चिकटविल्यासारखा दिसणारा तपकिरी मस हा तिसरा प्रकार. आमचा मस याच जातीचा होता. यात लहान लहान सारख्या पेशींची दाट गर्दी असते आणि मधूनमधून शिंगासारख्या पदार्थाने भरलेल्या गोल पोकळ्या दिसतात. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हांस एक युक्ती दाखविली. वाढीच्या दोन्ही बाजूंस जी निरोगी कातडी असते, तिच्या तळाला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आहे अशी कल्पना करावी. सारी वाढ त्या दोरीच्या वर राहते. ज्याने आयुष्यभर मोजणीचे नकाशे हाताळले, त्यास ही खूण समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या जिवात जीव आला तो ती सरळ रेघ पाहून.

तीळ हा प्रकार थोडा निराळा आहे. त्यातील रंगाच्या पेशी लहान लहान वस्त्या करून राहतात. काही वस्त्या बांधाला लागून असतात, तर काही खालच्या थरातही आढळतात. मग त्यांनी बांध ओलांडला असे नव्हे काय, अशी शंका सूज्ञ वाचक घेईल. येथे परीक्षक वस्तीची वागणूक पाहतो. निरुपद्रवी तिळात पेशी जसजशा खोल जातात तसतशा लहान व शांत होतात, डावी-उजवी बाजू सारखी असते, आणि पेशींचे विभाजन क्वचितच दिसते. घातक वाढीत खोलवरही पेशी मोठ्या, बेढब व विभाजन पावत असलेल्या दिसतात. जुन्या वहिवाटीने राहणारा व नव्याने अतिक्रमण करणारा यांतील भेद जसा जागेवर जाऊन वागणुकीवरून कळतो, तसाच हा प्रकार आहे.

राहिल्या कातडीखालच्या दोन गाठी. बोटाखाली सरकणारी मऊ गाठ बहुधा चरबीची असते. यंत्राखाली तीत नेहमीच्या चरबीसारख्याच मोठ्या, रिकाम्या दिसणाऱ्या पेशी व भोवती पातळ वेष्टण दिसते. दुसरी गाठ म्हणजे कातडीचीच पिशवी. तिच्या मध्यावर पुष्कळदा एक काळा ठिपका असतो व दाबल्यास दुर्गंधीयुक्त पांढरा लगदा निघतो. लोक त्यास चरबी समजतात, परंतु यंत्राखाली तो शिंगासारख्या पदार्थाचे पापुद्र्यांवर पापुद्रे असल्याचे दिसते. आतील अस्तर काढले नाही तर ही गाठ पुन्हा भरते, म्हणून ती पिळण्यात अर्थ नाही.

वरील सर्व वाढींत एक गोष्ट समान आहे. त्यांना शिस्त आहे व त्यांना हद्द आहे. याउलट बाह्यत्वचेच्या कर्करोगात पेशींचे पुंजके बांध कोरून खाली शिरलेले दिसतात, त्यांची केंद्रके लहान-मोठी व वेडीवाकडी असतात, आणि खोल थरात, जेथे शिंगासारखा पदार्थ असण्याचे कारण नाही, तेथे त्याचे मोत्यासारखे गोल गोळे बनलेले आढळतात. वरून पाहता हीच वाढ कित्येकदा केवळ एका मोठ्या चामखिळीसारखी दिसते. बाहेरच्या डोळ्यास चकवा बसतो तो येथेच.

आमच्या भीतीचे कारण आता सांगतो. आमचे थोरले चुलते पैठण तालुक्यातील हाडाचे शेतकरी होते. जन्मभर धोतर नेसले. कमरेवर जेथे धोतर आवळले जाई, तेथील कातडी प्रथम काळी पडली, मग जाड झाली आणि पुढे तीवर चामखिळीसारखी वाढ आली. गावातील एका जाणत्याने ती घोड्याच्या केसाने बांधून पाडली. पडलेला तुकडा उकिरड्यावर गेला. दोन वर्षांनी ती पुन्हा आली, तेव्हा बिबा घालून जाळली. तिसऱ्या खेपेस जांघेत गाठ आली, तेव्हा त्यांना रुग्णालयात नेले. त्या वेळच्या तपासणीत बांध केव्हाच फुटल्याचे दिसून आले, आणि त्यापुढे फार थोडे करता आले. घरात लिहिणारे-वाचणारे आम्ही होतो. चुलत्यांचे सारे अर्ज आमच्या हातचे असत. परंतु तो तुकडा तपासणीस पाठवा, एवढे एक वाक्य आम्हांस सुचले नाही, याची खंत आजही आहे.

ही गोष्ट त्या वेळी अज्ञात होती असेही नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय सन १९४१ मध्ये उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह सन १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध करून, रूढ सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगांत धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. कमरेच्या एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट वस्त्र घासत राहते, तेथे घाम व मळ साचतो, कातडी पुनःपुन्हा सोलवटते व भरते, आणि अखेरीस क्वचित कोणाच्या नशिबी कर्करोग येतो. हा धोका केवळ पुरुषांस आहे असेही नव्हे. वर्ध्याच्या व बिहारच्या डॉक्टरांनी सन २०२४ मध्ये कमरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आहे. परकराची नाडी किंवा लुगड्याचा आवळ हे तेथील कारण होते.

आता आपण काय करावे ते सांगतो. बहुतेक मस, तीळ व गाठी निरुपद्रवी असतात. त्यासाठी उगाच घाबरून जाऊ नये. परंतु जी वाढ अलीकडे झपाट्याने मोठी होत आहे, जिच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, जीत एकाहून अधिक रंग आहेत, जीतून रक्त येते, अथवा जी जखम महिना-सव्वा महिना होऊनही भरत नाही, ती डॉक्टरांस दाखवावी. जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवी जखम झाल्यास, किंवा तळपायावर अगर नखाखाली काळा डाग पसरत असल्यास मुळीच थांबू नये. अनवाणी चालणाऱ्यांनी तर तळपाय नित्य धुऊन पाहावेत.

बिबा, चुना, सोडा, केस बांधणे हे उपाय सर्वस्वी सोडावेत. त्यांनी कातडी भाजते व व्रण होतो. शिवाय रोगाची ओळख पटविणारा पुरावाच नष्ट होतो. डॉक्टरांनी वाढ काढली तर ती फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीस पाठविण्याची विनंती जरूर करावी. संशयास्पद वाढीचा नुसता शेंडा खरवडून पाठविल्यास निदान अडते, कारण तळच आला नाही तर बांध शाबूत आहे की फुटला, हे कोण कसे सांगणार? हद्दीचे दगड नसलेल्या नकाशावरून मोजणी होत नाही. तपासणीचा लेखी निकाल सातबाऱ्याच्या उताऱ्याइतक्याच काळजीने जपून ठेवावा. कमरेचे वस्त्र बेताने आवळावे, नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी आणि बांधण्याची जागा बदलीत जावे.

आपल्या जिल्ह्यात यासाठी फार दूर जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे, जेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळी, सन १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचेच रुग्णालय आपण 'घाटी' म्हणून ओळखतो. सन २०१२ पासून शहरात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे.

शेवटी एक सूचना. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतो व त्या निमित्ताने त्यांच्या अंगावरील प्रत्येक वण पाहून घेतो. त्याच सायंकाळी घरातील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांची पाठ, कंबर व तळपाय उजेडात पाहून घेण्याचा प्रघात प्रत्येक घरात पाडावा, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.